पडत्या काळातील घरखर्चाची वही

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त आयोजित व्याख्यानमालेत अष्टमी येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी दिवाळखोरीवर बोलावे, हे काहींना अप्रशस्त वाटेल. संयोजकांनी मला विषय विचारला तेव्हा मीही दोन दिवस मागितले होते. परंतु गेल्या पन्नास वर्षांत आपल्या समाजात किती दुकाने उघडली याचा हिशेब आपण अभिमानाने सांगतो. किती मिटली आणि त्या घरांतील चुली कशा पेटत राहिल्या, याचा हिशेब कोणी मांडत नाही. तो अल्पसा मांडावा, एवढाच माझा हेतू आहे. मी विद्वान नाही. बी.कॉम. झालो आणि वडिलांच्या कापडाच्या पेढीवर बसलो. तेथे जे भोगले आणि त्यातून जे शिकलो, तेच आपल्यापुढे ठेवतो.

‘दिवाळे’ हा शब्द आपण फार सहज उच्चारतो. पूर्वी गुजरातेत देणे फेडणे अशक्य झालेला व्यापारी भर दिवसा पेढीवर दिवा लावून बसे, असे जुने उल्लेख आहेत. तो दिवा पाहिला की धनकोंना कळे की या माणसाची शक्ती संपली. त्यात मानहानी होती यात शंका नाही. पण प्रामाणिकपणाही होता. आज आपण त्याच्या उलट करतो. आतून पेढी बुडालेली असते आणि बाहेर रोषणाई असते. मीही तेच केले होते. ते पुढे सांगेन.

बुडणारा प्रत्येक जण उधळ्या नसतो

प्रथम एक गैरसमज दूर करू या. १९८२ च्या जानेवारीत मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. मनीऑर्डरीवर चालणारी कोकणातील घरे त्या वर्षी हबकली आणि त्यांच्या उधारीवर चालणारी आमच्यासारखी दुकानेही हबकली. २००५ च्या जुलैत रायगड जिल्ह्यात महापूर आला. २०१० साली पेण अर्बन बँकेचे व्यवहार थांबले आणि आपल्या जिल्ह्यातील हजारो ठेवीदारांचे पैसे अडकले. यांपैकी कोणी उधळपट्टी केली होती? व्यापारात लाभ-हानी ही भरती-ओहोटीसारखी आहे. कुंडलिकेच्या काठी राहणाऱ्यांना ते वेगळे सांगायला नको.

आपल्या परंपरेतही याचे उदाहरण आहे. कवी बनारसीदास हे जौनपूरला जन्मलेले श्रीमाल जैन. जवाहीर व कापडाचा व्यापार करीत आणि त्यात वारंवार बुडत. १६४१ साली लिहिलेल्या ‘अर्धकथानक’ या आत्मचरित्रात त्यांनी ही हानी काहीही न लपवता सांगितली आहे. आग्र्यात हाती दमडी नसताना एका कचोरीवाल्याने त्यांना काही महिने उधारीवर जेवू घातले. बनारसीदासांनी आपली स्थिती त्याला आधीच स्पष्ट सांगितली होती आणि पुढे त्याचा हिशेब चुकता केला. स्थिती आधी सांगणे आणि नंतर फेडणे, या दोन गोष्टींत माझ्या आजच्या भाषणाचे सार आहे.

दुसरे उदाहरण मुंबईचे. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाचे भाव चढले आणि १८६४-६५ साली मुंबईत शेअरबाजाराचे वेड पसरले. युद्ध संपले आणि १८६५ च्या जुलैत सर्व कोसळले. आपल्याच समाजातील शेठ प्रेमचंद रायचंद यांच्यासारखे धनाढ्यही त्यात सापडले. आपल्या मातोश्रींच्या नावाने राजाबाई टॉवरसाठी त्यांनी दिलेली देणगी मात्र त्यापूर्वीची, १८६४ ची. त्याच वेळी तरुण जमशेटजी टाटा लंडनमध्ये होते. त्यांच्या हातातील हुंड्या कवडीमोल झाल्या. त्यांनी पळ काढला नाही. धनकोंपुढे सर्व हिशेब मांडला. धनकोंनी त्यांनाच व्यवहार निस्तरण्यासाठी नेमले आणि त्यांच्या खर्चासाठी दरमहा २० पौंड ठरवून दिले, असे त्यांच्या चरित्रात नमूद आहे. बंधूंनो, हे २० पौंड लक्षात ठेवा. बुडालेल्या माणसालाही जगण्यापुरता खर्च लागतो, आणि तो धनकोंच्या संमतीने, ठरवून व लिहून घ्यावा, हे त्यात आले.

माझी कथा

आता माझ्याविषयी. १९९५ साली मी एका नातलगाच्या कारखान्याच्या कर्जाला जामीन राहिलो. ‘सही करा, नुसती औपचारिकता आहे,’ असे सांगण्यात आले. बी.कॉम.ला भारतीय करार अधिनियम १८७२ शिकलो होतो. जामीनदाराची जबाबदारी मूळ ऋणकोइतकीच असते, हे परीक्षेत लिहून गुणही मिळवले होते. तरीही सही केली. वर्षभरात कारखाना बंद पडला. त्यात माझ्या पेढीवर हातउसनी रक्कम होती, घाऊक व्यापाऱ्यांचे देणे होते. एकूण बोजा ४ लाख २० हजारांचा झाला. त्या काळी ही रक्कम आमच्या दुकानाच्या आवाक्याबाहेरची होती.

मी काय केले? अकरा महिने घरात कोणालाही सांगितले नाही. एकाचे घेऊन दुसऱ्याला देत राहिलो. आणि त्याच वर्षीच्या पर्युषणात, भगवंतांच्या जन्मवाचनाच्या दिवशी, स्वप्नांची एक बोली मोठ्या आवाजात घेतली. सर्वांनी कौतुक केले. ती रक्कम मी भरली. पण ती आपल्याच समाजातील एका विधवा माऊलीने आठच दिवसांपूर्वी विश्वासाने माझ्याकडे ठेवलेल्या ४० हजारांतून भरली. पेढी बुडाली आहे हे ती ठेव स्वीकारताना मला ठाऊक होते. तत्त्वार्थसूत्रात सत्य अणुव्रताचे अतिचार सांगताना ‘न्यासापहार’ हा शब्द येतो. ठेव गिळणे. तो शब्द मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. त्याचा अर्थ मला त्या बोलीनंतर घरी परतताना कळला.

त्या रात्री मी पत्नीला सर्व सांगितले. ती रडली नाही. म्हणाली, “अहो, आधी सगळी नावं लिहा. एकही सोडू नका.” आमची पहिली वही त्या रात्री उघडली.

पहिली वही : देण्याची

पडत्या काळात पहिले काम खर्च कापण्याचे नसते. ते संपूर्ण देणे एका जागी लिहिण्याचे असते. माणूस देण्याला जितका घाबरतो, त्याहून अधिक तो देण्याच्या बेरजेला घाबरतो. म्हणून प्रत्येक धनकोचे नाव, मुद्दल, व्याजाचा दर, तारीख आणि तारण लिहावे. घर तारण असलेले बँकेचे कर्ज वेगळे. कारण २००२ च्या कायद्यानुसार साठ दिवसांची नोटीस देऊन बँक तारणावर कारवाई सुरू करू शकते. नोकरांचे थकलेले पगार वेगळे. सरकारी कर वेगळे. हातउसने वेगळे. आणि हो, बोलीची थकबाकीही त्याच यादीत लिहावी. देवद्रव्य हे देणेच आहे; ते प्रतिष्ठेच्या रकान्यात लिहायचे नाही.

दुसरी वही : मिळकतीची

येथे आपण व्यापारी चुकतो. लग्नसराईच्या वैशाखाची विक्री डोळ्यांपुढे ठेवून आपण वर्षाचा खर्च ठरवतो. आषाढ-श्रावणात दुकानात माशी शिरत नाही, हे विसरतो. मी एक साधा नियम पाळला. मागील बारा महिन्यांतील सर्वांत कमी मिळकतीचे तीन महिने घ्यावेत, त्यांची सरासरी काढावी आणि तेवढीच मिळकत निश्चित धरावी. लग्नसराईत व दिवाळीत जास्त आले तर ते आले नाही असे समजून बाजूला ठेवावे. पावसाळ्यात ते उपयोगी पडते. येणे असलेली उधारी मिळकतीत धरू नये. हातात आली तरच ती मिळकत.

तिसरी वही : घरखर्चाची

‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ ही म्हण आपण सर्व जाणतो. परंतु अंथरूणच एका रात्रीत अर्धे झाले, तर पाय कापून टाकायचे का? नाही. ते आखडून घ्यायचे, आणि तसे झोपताही आले पाहिजे. म्हणून या काळातील खर्च उचित असावा. हा शब्द माझा नाही. कलिकालसर्वज्ञ हेमचंद्राचार्यांनी योगशास्त्रात मार्गानुसारी गृहस्थाचे गुण सांगितले आहेत. त्यांत न्यायाने मिळवलेले वैभव हा पहिला गुण आहे आणि मिळकतीला साजेसा खर्च हाही एक गुण सांगितला आहे. परंपरेने मिळकतीचे चार भाग सांगितले : एक साठवणुकीचा, एक व्यापाराचा, एक धर्म व उपभोगाचा आणि एक आश्रितांच्या पोषणाचा. पडत्या काळात हे प्रमाण राहत नाही, हे उघड आहे. पण त्या चारांत आश्रितांचे पोषण हा स्वतंत्र भाग आहे, हे ध्यानात घ्यावे. उरले तर त्यांना द्यावे, असे कोठेही म्हटलेले नाही.

आजच्या भावाने एक नमुना मांडतो. आकडे माझे, केवळ समजण्यासाठी. पाच माणसांचे घर आहे. मुलगा धाटाव औद्योगिक वसाहतीत नोकरीला आहे, वडील दुसऱ्याच्या दुकानात बसतात. निश्चित मिळकत दरमहा ३० हजार. खर्च असा : धान्य-किराणा ६,५००, दूध-भाजी ४,०००, गॅस, वीज व पाणी २,५००, शाळा-शिकवणी ३,५००, औषधे व विम्याचा हप्ता ३,०००, प्रवास व फोन २,०००, कपडे व दुरुस्ती १,०००, अडीअडचणीचा गल्ला १,५००. बेरीज २४ हजार. उरले ६ हजार. हे धनकोंचे.

आता यातील दोन बाबींवर थांबतो.

पहिली, विमा व औषधे. पैसा कमी पडला की प्रथम आपण विम्याचा हप्ता बंद करतो. कारण विमा तगादा लावत नाही. हीच सर्वांत महाग बचत. बुडालेल्या घरात एक मोठे आजारपण शिरले की ते घर पुन्हा उठत नाही.

दुसरी, अडीअडचणीचा गल्ला. दर महिन्याचे १,५०० रुपये धनकोंना का देऊ नयेत, असे कोणी विचारेल. कारण छपराचे पत्रे उडतात, दात दुखतो, सासरहून लेक येते. गल्ल्यात काही नसेल तर त्या दिवशी पुन्हा हात पसरावा लागतो. आणि पडत्या काळात मिळणारे नवे कर्ज हे सर्वांत महाग कर्ज असते. क्रेडिट कार्डावरील थकबाकीला महिन्याला शेकडा तीन-साडेतीनही व्याज लागते. मोबाईलवरून मिनिटांत मिळणाऱ्या कर्जाविषयी तर तरुणांनी हात जोडून विनंती ऐकावी : त्या वाटेला जाऊ नका.

आमच्या वहीत पत्नीने आणखी एक ओळ लिहिली होती : ‘मुलांचा आनंद, ५० रुपये.’ मी ती खोडायला निघालो. ती म्हणाली, “सात वर्षं चालायचं आहे ना? मुलांचं हसू बंद करून कुणाचं देणं फिटत नाही.” त्या ५० रुपयांत कधी जिलेबी येई, कधी शाळेच्या सहलीचे पैसे साठवले जात. आज मी साक्षीने सांगतो, त्या एका ओळीने आमची वही टिकली. अति काटकसरीचे अंदाजपत्रक तिसऱ्या महिन्यात मोडते. आणि एकदा मोडले की माणूस वही लिहिणेच सोडतो.

मग काय कापावे? वाढदिवसाचे जेवण, देण्या-घेण्याचे आहेर, नवा टीव्ही, सोन्याची नवी खरेदी, दुसरी गाडी, आणि ‘लोक काय म्हणतील’ या खात्यावर पडणारे सर्व खर्च. पहिल्या वर्षी आम्ही लग्नांना गेलो. आहेर म्हणून एक ब्लाऊजपीस व श्रीफळ दिले. आपल्या पाचव्या व सातव्या व्रतांनी परिग्रहाला आणि भोग-उपभोगाला मर्यादा सांगितली आहे. सुखात ते व्रत असते, दुःखात तेच अंदाजपत्रक होते. फरक इतकाच की व्रत स्वेच्छेने घेतलेले असल्याने त्यात लाज वाटत नाही. मग दुसऱ्या वेळीही का वाटावी?

व्याजाचा हिशेब

वरील उदाहरणातील कुटुंबावर ६ लाखांचे देणे आहे असे समजू. दरमहा ६ हजार दिले तर व्याजाविना १०० महिने, म्हणजे आठ वर्षे चार महिने लागतील. ठीक. पण व्याज दरसाल शेकडा १२ असेल तर? ६ लाखांवर वर्षाचे ७२ हजार, म्हणजे महिन्याचे बरोबर ६ हजार. म्हणजे ते कुटुंब जन्मभर सहा-सहा हजार देत राहील आणि मुद्दल एक रुपयाने कमी होणार नाही! हातउसने शेकडा दोनने घेतले असेल तर महिन्याचे व्याजच १२ हजार. कितीही उपवास करा, ते फिटणार नाही.

ही साधी त्रैराशिकाची गोष्ट आहे. पण ती कागदावर न मांडल्यामुळे माणसे वर्षानुवर्षे स्वतःला व मुलांना पिळतात. हिशेब असा आला की दोनच मार्ग राहतात. धनकोंना एकत्र बसवून व्याज थांबवण्याची तडजोड करावी, नाही तर कायद्याचा आश्रय घ्यावा.

कायदा काय सांगतो

मी वकील नाही. वकिलाचा सल्ला अवश्य घ्यावा. ज्यांना परवडत नाही त्यांच्यासाठी १९८७ च्या कायद्यान्वये विधी सेवा प्राधिकरण आहे. स्त्रियांना तर तेथे उत्पन्नाची अट न लावता मोफत सल्ला मिळतो. ठळक गोष्टी तेवढ्या सांगतो.

मुंबई शहराबाहेर आपल्यासारख्यांना १९२० चा प्रांतिक नादारी अधिनियम लागू आहे. २०१६ साली नवी नादारी व दिवाळखोरी संहिता आली. परंतु तिच्यातील व्यक्तींविषयीचा भाग १ डिसेंबर २०१९ पासून केवळ कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक जामीन राहिलेल्यांना लागू करण्यात आला. इतरांना जुनाच कायदा. अर्ज जिल्हा न्यायालयात करावा लागतो.

नादार ठरल्यावर मालमत्ता न्यायालयाच्या वा रिसीव्हरच्या ताब्यात जाते. पण सर्वच जात नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० नुसार आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, धार्मिक रूढीनुसार स्त्रीला अंगावरून काढता न येणारा दागिना आणि कारागिराची हत्यारे जप्त होत नाहीत. सर्वसाधारण देण्यासाठी पगारातील पहिले एक हजार आणि उरलेल्याचे दोन-तृतीयांश सुरक्षित असतात. म्हणजे २५ हजार पगार असेल तर १७ हजार घराला राहतात. आयुर्विम्याच्या पैशालाही संरक्षण आहे. १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता अधिनियमाखाली पत्नी व मुलांच्या हितासाठी घेतलेली पॉलिसी धनकोंना मिळत नाही. मात्र ती फसवण्याच्या हेतूने घेतलेली नसावी. आणि १९२० च्या कायद्यातच नादाराच्या व त्याच्या कुटुंबाच्या निर्वाहासाठी भत्ता ठरवून देण्याचा अधिकार न्यायालयाला आहे. जमशेटजींचे २० पौंड येथे कायद्यात आले! न्यायालयापुढे भत्ता मागायचा तर घरखर्चाची वही हवी. ती नसेल तर काय दाखवणार?

दुसरी बाजूही ऐका. शेवटी देण्यातून मुक्तता मिळावी म्हणून अर्ज करावा लागतो. त्या वेळी न्यायालय माणसाचे वर्तन पाहते. मागील तीन वर्षांच्या योग्य वह्या ठेवल्या नसतील, बुडाल्याचे माहीत असूनही धंदा चालू ठेवला असेल, सट्टा, जुगार वा न शोभणारा थाट केला असेल, तर बिनशर्त मुक्तता मिळत नाही. मालमत्ता रुपयाला आठ आणेही भरत नसेल, तर ते आपल्या दोषाने घडले नाही हे पटवून द्यावे लागते. आधीच्या दोन वर्षांत घर पत्नीच्या नावे फुकट केले असेल तर ते रद्द होऊ शकते. अर्जाआधी तीन महिन्यांत एकाच मर्जीतल्या धनकोला झुकते माप दिले असेल तर तेही. सरकारी देणे व लबाडीने केलेले देणे या मुक्ततेने सुटत नाही. कोरे चेक तर कोणालाही देऊ नका. चेक न वटणे हा स्वतंत्र गुन्हा आहे.

बंधूंनो, या यादीत ‘न शोभणारा थाट’ आहे, ‘हिशेबाच्या वह्या’ आहेत, ‘खोटे कागद’ आहेत. तत्त्वार्थसूत्रात ‘न्यासापहार’ आहे, तसा ‘कूटलेखक्रिया’ हाही शब्द आहे. न्यायालय आणि आगम एकच प्रश्न विचारतात : हिशेब खरा आहे का?

आणि मुलांविषयी. पित्याचे ऋण पुत्राने केवळ धर्मकर्तव्य म्हणून फेडलेच पाहिजे, ही जुनी कायदेशीर सक्ती हिंदू उत्तराधिकार कायद्यातील २००५ च्या दुरुस्तीने, म्हणजे ९ सप्टेंबर २००५ नंतरच्या कर्जांपुरती, गेली. हा कायदा आपल्यालाही लागू आहे. मुलाने स्वेच्छेने फेडले तर ते त्याचे मोठेपण. मात्र मुलांच्या मानेवर जू ठेवू नका, तसे त्यांना अंधारातही ठेवू नका.

आमचे ८४ हप्ते

मी न्यायालयात गेलो नाही, पण अर्जाचा मसुदा तयार करून घेतला होता. त्यानंतर सर्व धनकोंना दुकानात बोलावले. तिन्ही वह्या गादीवर ठेवल्या. म्हटले, “घराला इतके लागते, मिळकत इतकी आहे, दरमहा ५ हजार उरतात. आजपासून व्याज थांबवलेत तर सात वर्षांत फेडीन. नाही तर अर्ज करतो. मग जे मिळेल ते वाटून घ्या.”

एक गृहस्थ घरखर्चाची वही बराच वेळ चाळत होते. मला वाटले, ते ५० रुपयांच्या ओळीवर बोट ठेवतील. त्यांनी ठेवलेही. म्हणाले, “हे असू दे.” आणि सही केली. त्यांच्यामागे इतरांनी केली.

त्या माऊलीचे पैसे आधी द्यावेत, असे माझ्या मनात होते. वकिलांनी बजावले होते, एकाला झुकते माप देऊ नका. म्हणून ती बोलीची हकिकतही सर्वांपुढे सांगितली. जन्मात इतकी मान कधी खाली गेली नव्हती. सर्व धनको एकमुखाने म्हणाले, आधी त्यांचे द्या. पहिले आठ हप्ते त्यांना गेले. उरलेले ७६ हप्ते सर्वांना प्रमाणात. १९९७ च्या जानेवारीत पहिला, २००३ च्या डिसेंबरात शेवटचा. शेवटच्या दिवशी त्या माऊलींना पेढे द्यायला गेलो, तेव्हा त्या म्हणाल्या, “मला सांगितलं असतंस, तर मी थांबले असते.” त्या आज हयात नाहीत. पैसे फिटले, हे वाक्य माझ्याकडून फिटायचे राहिले. ते फिटावे म्हणूनच आज येथे उभा आहे.

ट्रस्टला तीन विनंत्या

रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांचे बालपण पलीकडच्या काठावर, रोह्यात गेले. देशाचा पैसा सांभाळणारा माणूस जेथे वाढला, तेथील समाजाने आपल्या घरांचा पैसा सांभाळण्याची रीत घालून द्यावी, हे उचितच होईल. विश्वस्तांपुढे नम्रपणे तीन विनंत्या मांडतो.

पहिली : ज्याची बोलीची रक्कम थकली असेल त्याचे नाव फलकावर लिहू नये. त्याला एकांतात बोलावून हप्ते ठरवून द्यावेत. आणि बोली घेणाऱ्यांनीही मनाशी विचारावे, की मी हे माझ्या पैशाने घेतो आहे ना?

दुसरी : देवद्रव्य श्रावकांसाठी वापरता येत नाही आणि वापरूही नये. म्हणून साधर्मिक भक्तीचा स्वतंत्र निधी असावा. त्यातून रोख रक्कम न देता शाळेची फी, विम्याचा हप्ता, औषधांचे बिल परस्पर भरावे. घेणाऱ्याचे नाव दोघांपलीकडे जाऊ नये.

तिसरी : समाजातील दोन-तीन निवृत्त हिशेबनिसांनी महिन्यातून एक संध्याकाळ द्यावी. अडचणीतील कुटुंबाला तीन वह्या मांडून द्याव्यात, आणि इच्छा असल्यास धनकोंच्या बैठकीला सोबत बसावे. एकट्या माणसाला ती बेरीज करवत नाही. मला माझ्या पत्नीने हात दिला. प्रत्येकाला तो घरात मिळेलच असे नाही.

आणि जे धनको आहेत त्यांना एक शब्द. कर्जदाराला फोन करायचा तर सकाळी आठच्या आधी व संध्याकाळी सातच्या नंतर वसुली-प्रतिनिधीने करू नये, असे रिझर्व्ह बँकेने २०२२ साली बँकांना बजावले. बँकेला जी मर्यादा आहे, ती साधर्मिकाला असू नये काय? देणे मागा, अवश्य मागा. पण मंदिराच्या पायरीवर मागू नका. तेथे येणे बंद झाले तर त्या माणसाचा शेवटचा आधार तुटतो.

सुवर्णमहोत्सवानिमित्त आज मंदिर दिव्यांनी उजळले आहे. आपल्यापैकी एखाद्याच्या पेढीत अंधार असेल आणि तो घरी सांगण्याचे धैर्य गोळा करीत असेल. त्याला एवढेच सांगतो : आज रात्री घरी जा, वही काढा, सर्व नावे लिहा, आणि बेरीज घरच्यांसमोर करा. मी अकरा महिने उशीर केला. आपण करू नका.

बोलण्यात कोणाचे मन दुखावले असल्यास मन, वचन, कायेने मिच्छामि दुक्कडम्.

जय जिनेंद्र!